पाण्यात कुणीतरी

“ताई, पाण्यात कुणीतरी आहे!”

लॅबमधला तिचा सोबती, ज्याला सगळे चष्मा म्हणत, आतल्या अंधाऱ्या खोलीतून ओरडला आणि तिच्या हातातली चिमुकली नळी रॅकच्या भोकात जायची ती कडेवरच टेकून राहिली. त्याचा आवाज काही घाबरलेला नव्हता. भिंतीवर पाल दिसली तर माणूस सांगेल तसा. पण तिच्या पाठीतून काहीतरी सरसरत उतरलं आणि टाचांपाशी येऊन थांबलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं. पाण्यात कोण आहे, हे साऱ्या जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं. पाण्यात तिचा नवरा होता.

ह्या लॅबमध्ये रक्तं येतात ती जोडप्यांची. ज्यांचे गर्भ पुन्हा पुन्हा गळून जातात आणि डॉक्टर सगळं तपासून हात वर करतात, “कारण सापडत नाही,” अशांची. ती आणि चष्मा त्या रक्तांमधल्या खुणा वाचतात. एकेका नमुन्याला एकेक खण, खणांची लांब रांग, आणि शेवटी फोटोत काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या. रांगेच्या टोकाला दोन खण मात्र कुणा पेशंटचे नसतात. एकात असं रक्त, ज्याचा निकाल सगळ्यांना पाठ आहे. तो नेहमीसारखा आला की समजायचं, मशीन खोटं बोलत नाही. दुसऱ्यात नुसतं पाणी. ते काळंच यायला हवं. पाण्यात पट्टी उमटली तर कुणाचं तरी कुणात मिसळलंय, आणि मग अख्ख्या रांगेवरचा विश्वास उडाला. ते पाठ असलेलं रक्त तिचं होतं. नोकरीला लागली तेव्हा चष्म्यानं सुई टोचून घेतलं होतं, लग्नाच्या आधी, आणि तेव्हापासून लॅबमध्ये त्याचं नाव ‘नॉर्मल’ पडलं होतं. “आज नॉर्मल झकास आलाय,” “नॉर्मल संपत आला, ताई, हात पुढे करा.” कुणी नवीन आलं की चष्मा ओळख करून द्यायचा, “ह्या आमच्या नॉर्मल. बाकी आपण सगळे संशयित.” ती हसायची. दोन वेळा पोट रिकामं झाल्यावरही हसायची. पहिल्यांदाचं लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं; दुसऱ्यांदाचं तिनं तिथं कुणाला कळूच दिलं नव्हतं.

आता तिला सकाळ आठवली, कडेकडेनं, पाण्याखालचा दगड दिसावा तशी. नॉर्मल भरून झाला होता आणि नेमकी तेव्हाच घशाशी आंबट उमाळी आली होती. ती बेसिनपाशी गेली, नळ सोडून उभी राहिली, परत आली, हातमोजे बदलले. पाणी भरून झालंय अशा समजुतीनं तिनं खिशातली नळी काढली, जिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि ती पुढच्या रिकाम्या खणात ओतायची म्हणून ओतली. पण पाणी भरायचं राहूनच गेलं होतं; तो खण कुणासाठी मोकळा नव्हता. तो पाण्याचा होता. पुढचा मोकळा होता तो तसाच मोकळा राहिला. इतकी वर्षं हा हात चुकला नव्हता. आणि चुकला तेही चाललं असतं, कारण फोटो नेहमी तीच काढते, तीच बघते, कुणाला पत्ता लागला नसता. पण गेले काही दिवस ती त्या खोलीत जातच नव्हती. तिथला जांभळा दिवा, पट्ट्या दिसाव्यात म्हणून घालतात तो रंग, ते पोटातल्याला बरं नसतं. “डोळे दुखतात रे, तू बघ ना,” असं तिनं चष्म्याला सांगितलं होतं, आणि सांगताना स्वतःलाही असंच सांगितलं होतं, की ही काही आशा नाही, ही नुसती काळजी आहे. आशेचं नाव काढायचं नाही, असं ठरलेलं होतं तिचं. तिनं पोटातल्याला अजून कुठलंही नाव दिलं नव्हतं, मनातल्या मनात ती त्याला ‘ते’ म्हणायची, नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

खरं तर ह्या शास्त्रानंच तिला असं करून ठेवलं होतं. जोडप्यांना समजावून सांगायचं काम लॅबच्या प्रमुख मॅडमचं, पण ती बाजूला उभी राहून इतक्या वेळा ऐकत आली होती की तिला ते एखाद्या कहाणीसारखं पाठ झालं होतं. आईच्या गर्भाशयात पहारेकरी पेशी असतात. नाव ऐकलं की वाटतं, ह्या भाले-बरच्या रोखून उभ्या असणार. तसं नसतं. आलेल्याला वाट करून देणं हे त्यांचं काम. रक्तवाहिन्या रुंद करायच्या, जागा मऊ करायची, म्हणजे येणाऱ्याची मुळं खोल उतरतात. ह्या पेशींना हुकूम ऐकायचे कान असतात. काही कानांना ऐकू येतं, ‘चल, लाग कामाला.’ काहींना ऐकू येतं, ‘गप उभी राहा.’ कुणाला कुठले कान मिळायचे ते आईबापांकडून येतं, नाकाडोळ्यासारखं. काही बायकांना ‘चल’ ऐकणारे कान फार थोडे मिळतात. आणि बापाकडून येणाऱ्या खुणा दोन तऱ्हेच्या. त्यातली दुसरी तऱ्हा बाळानं आणली, तर अशा बाईच्या पेशींना नुसतं ‘गप उभी राहा’ एवढंच ऐकू येतं. मारत कुणी नाही, हाकलत कुणी नाही. सगळे आपले हात बांधून उभे, आणि दारातला पाहुणा दारातच वाळून जातो. “असं काही अभ्यास म्हणतात,” मॅडम पुढे लगेच म्हणायच्या, “काही म्हणतात, एवढं काही नाही. आणि ह्याच कानांच्या, ह्याच खुणांच्या कितीतरी घरांत पोरं नाचतायत. हे कारण नव्हे, ही शक्यता. औषध तर नाहीच.” जोडपी मान डोलवायची. त्यांना शक्यता नको असायची. त्यांना कारण हवं असायचं, काळं का असेना, हातात धरता येईल असं.

‘चल’ ऐकणारे कान थोडे असलेली बाई, म्हणजे तीच. नॉर्मलच्या खणात दर खेपेला तेच तर उमटायचं. पहिल्या वेळी, दवाखान्याच्या त्या लांबलचक व्हरांड्यात, फरशी पुसायच्या औषधाच्या वासात बसलेली असताना नर्स म्हणाली होती, “होतं असं, पुढच्या वेळी नीट होईल.” शेजारची बाई म्हणाली, काहीतरी जड उचललं असशील. मावशी म्हणाली, वर बघून फार कपडे वाळत घातलेस. आई बिछान्याच्या कडेला बसून तिच्या केसांतून तेलाचा हात फिरवत राहिली, आणि गुणगुणल्यासारखं, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली,

दारातल्या पाहुण्या, किती उभा राहशील
आत ये रे ऊबेपाशी, पाय मोकळे करशील

आईला अशी कडवी कुठून सुचायची कुणास ठाऊक, पीठ मळताना, सुईत दोरा ओवताना आपोआप जुळून यायची, आणि पुन्हा विचारलं तर म्हणायची, “मी कुठं काय म्हटलं?” त्या दिवशी तिला ते कडवं सोसवलं नव्हतं. “आई, गप ना,” असं ती म्हणाली होती, आणि आई गप झाली होती, हात मात्र फिरत राहिला. दुसऱ्या वेळी तर आईही नव्हती, कुणीच नव्हतं. ती इथंच होती, ह्याच टेबलाशी. रांग अर्धी भरून झाली होती तेव्हा पोटात कळ आली, मग पायांवरून ऊन ऊन ओघळ. आणि तिनं रांग पुरी केली. एकेका अनोळखी बाईचं रक्त एकेका खणात नीट उतरवलं, झाकण लावलं, मशीन चालू केलं, आणि “डोकं चढलंय” असं सांगून, कोट कमरेला गुंडाळून बसनं घरी गेली. दुसऱ्या दिवशी चष्म्यानं फोटो दाखवला. सगळ्या रांगेत नॉर्मल सगळ्यात स्वच्छ आला होता. आपलं रक्त आपल्याला सोडून किती बिनधास्त राहतं, असं तिला वाटलं होतं, आणि त्या दिवसापासून त्या पट्ट्यांचा तिला राग यायला लागला होता. सख्ख्या बहिणीचा यावा तसा.

राहिला होता नवरा. त्याची खूण कुठली? लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर अडकलेल्यांना बाहेर काढून घरी आला की हात घासून घासून धुणारा. त्याच्या रक्तात पहिली तऱ्हा आहे की दुसरी, हे एका दुपारीत कळण्यासारखं होतं. ती ते टाळत आली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ‘ते’ पोटात आल्याचं कळलं आणि तिची मूठ आतून खाजायला लागली. कळलं तर ठरवता येईल. काय ठरवणार? घाबरायचं की नाही ते. त्याची खूण पहिली असेल तर थोडंसं हसता येईल, पडद्यांचं कापड बघता येईल. दुसरी असेल तर आत्तापासूनच दार लोटून घेता येईल, म्हणजे जाणाऱ्याचे पाय फार वाजणार नाहीत. रविवारी दुपारी तो तोंड उघडं टाकून घोरत पडला होता. तिनं कापसाची काडी हळूच त्याच्या गालाच्या आतून फिरवली. त्यानं झोपेतच तोंड चाळवलं, “क्‌काय गं?” “डास होता, झोप.” “तोंडात?” “झोप रे.” आणि तो खरंच झोपला. इतक्या विश्वासानं झोपला की काडी पिशवीत ठेवताना तिला आपण त्याच्या खिशातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं.

“ताई, ऐकताय ना?” चष्मा दारात येऊन उभा राहिला होता. कपाळावर सरकवलेल्या त्या जाड भिंगांमुळेच त्याला हे नाव पडलं होतं. “पाण्यात दणदणीत पट्ट्या आहेत. ह्या रांगेतलं कुणीतरी सांडलंय. नाहीतर माझीच शिंक.”

“तू शिंकलास?”

“आठवत नाही. शिंकलोही असेन. जुळ्यांनी रात्रभर सर्दी वाटलीय घरात.” त्यानं मान खाजवली. “मॅडम आता मला सोलून काढणार. मागच्या महिन्यात पण पाणी माझ्याच हातून बिघडलं होतं. आणि ते लांबून आलेलं जोडपं बसलंय हो बाहेर, निकालाला.”

मॅडम आल्याच. उंच, वाकलेल्या खांद्यांच्या, चालताना चपला ओढत चालणाऱ्या. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला, दूर धरला, जवळ आणला. “पाणी गढूळ झालं की मासे धरायचे कुणी?” त्या म्हणाल्या. मग चष्म्याकडे वळल्या. “पिपेट कुणाची वापरलीस? मोजे कधी बदललेस? सगळी औषधं फेकून द्या, नवीन काढा. आणि तू आजपासून रांगेला हात लावायचा नाहीस. घरी जुळी झाली तेव्हापासून तुझं लक्ष कुठं असतं ते मला दिसतं.”

चष्म्यानं भिंगं खाली ओढली. एरवी तो काहीतरी बोलला असता. आता नुसता “हो मॅडम” म्हणाला, आणि ते ‘हो’ तिच्या अंगात काट्यासारखं गेलं. गप बसलं तर किती सोपं होतं! सगळी रांग पुन्हा लागली असती, ह्या वेळी पाणी काळं आलं असतं, चष्म्यानं चार दिवस तोंड पाडलं असतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा थट्टा सुरू केली असती. पण तिच्या लक्षात आलं, की आपणही आता अगदी त्या पेशींसारख्याच उभ्या आहोत. हात बांधून. कुणाला मारत नाही, कुणाला हाकलत नाही.

“मॅडम, त्याची चूक नाही,” ती म्हणाली. “पाण्यात माझा नवरा आहे.”

चष्म्याच्या तोंडून हसू फुटलं आणि अर्ध्यात विरलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला नुसतं खुणावलं आणि दोघी नमुन्यांच्या थंड खोलीत गेल्या, जिथं बोलताना तोंडातून वाफ निघते. तिनं सगळं सांगितलं. काडी, बिननावाची नळी, बेसिन. दुसऱ्या वेळचंही सांगितलं. ते सांगताना आवाज चढला, जणू कुणी तिला खोटं ठरवत होतं.

“नवऱ्याला विचारलंस?”

“नाही.”

“हे इतरांना आपण काय सांगतो? माणसाच्या परवानगीशिवाय त्याच्या रक्ताला हात लावायचा नाही. आणि तू घरातच डाका घातलास.” मॅडमची वाफ तिच्या वाफेत मिसळत होती. “आणि आता पुन्हा राहिलंय. म्हणून तो दिवा नको होता, काय?”

तिनं मान हलवली.

“हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.” मॅडमनी बर्फाच्या एका पेटीचं झाकण नीट बसवलं. “फोटो बघितलास?”

“नाही.”

“बघ. चोरी केलीस ना? मग माल तरी बघ.”

त्यांनी फोटो तिच्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. एवढी माया त्यांना जमत होती. रांगेच्या टोकाला नॉर्मल, म्हणजे ती. आणि तिला लागून तो. इतक्या जवळ ते दोघं गेल्या कित्येक दिवसांत झोपले नव्हते. तिनं आधी त्याच्या पहिल्या खुणेच्या जागी बघितलं. पट्टी होती. छातीतलं काहीतरी एकदम सैल झालं. मग दुसऱ्या खुणेच्या जागी बघितलं. तिथंही होती. तितकीच ठसठशीत. तिनं फोटो उलटा धरला, सुलटा केला. दोन्ही. त्याच्याकडे दोन्ही खुणा होत्या. ‘त्या’नं त्यातली एक उचलली असणार, कुठली ते ह्या फोटोतून कळणार नव्हतं, मॅडमना विचारून कळणार नव्हतं. लहानपणी पोरं खेळायची तसं तळ्यात-मळ्यात. तिला हसू आलं आणि त्या थंडीत दात वाजायला लागले. इतकं चोरून, इतकं लपवून, एका माणसाच्या गालातून खरवडून आणलेलं उत्तर, आणि ते म्हणत होतं, मला काय विचारतेस?

“दोन्ही आहेत,” ती म्हणाली.

“बघितलं मी,” मॅडम पाठमोऱ्याच म्हणाल्या. “बाहेरच्या त्या जोडप्याला तू सांग. मग घरी जा; म्हणजे घरी नको, तो जिथं असेल तिथं जा. ज्याचं आहे त्याला सांग. मग ये आणि सगळी रांग पुन्हा लाव. आणि चष्म्याला सॉरी म्हण, तो बिचारा आत औषधं फेकत बसलाय.”

जोडपं बाकावर बसलं होतं, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. ती बाई दर वेळी विचारायची, “माझ्यामुळे की ह्यांच्यामुळे?” आणि तो माणूस आपल्या बुटांकडे बघायचा. तिनं त्यांना सांगितलं, की चूक झाली, माझ्या हातून झाली, पुन्हा करावं लागेल, तुम्हाला पुन्हा यावं लागेल. “थांबायचंच ना?” ती बाई म्हणाली. रागावली नाही, आणि तेच लागलं. “थांबायची सवय आहे हो आम्हाला. ह्यांना सुट्टी मिळत नाही एवढंच.” तो माणूस मान वर करून पहिल्यांदाच बोलला, “मिळेल. बघू.” तिला वाटलं, त्यांच्या मधल्या जागेत जाऊन बसावं. पण बसली नाही. तिला स्वतःचंच एक अंतर ओलांडायचं होतं.

नवरा एका उंच, जुनाट ऑफिसांच्या इमारतीत होता. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली, आत अंधाऱ्या विहिरीत लोंबणाऱ्या तारा, आणि लिफ्टच्या टपावर बसून तो कशाला तरी शिव्या देत होता. तिला बघितल्याबरोबर शिवी अर्धवट राहिली.

“तू? इथं? काय झालं?”

मागं एकदा ती अशीच अवेळी घरी आली होती. त्याच्या चेहऱ्यावर तो दिवस जसाच्या तसा उगवला.

“काही नाही झालं. तू आधी खाली ये.”

तो उतरला, चिंधीला हात पुसत तिच्यासमोर उभा राहिला. जिन्यावरून माणसं धापा टाकत जात-येत होती. तिनं एका दमात सांगायचं ठरवलं होतं, पण दम कुठं होता!

“रविवारी तुझ्या तोंडात डास नव्हता. मी होते. काडी फिरवली मी. तपासायला.”

“मला?”

“तुझ्या खुणा. मुलं राहतात, न राहतात, त्याच्याशी असतं ते. मी तुला सांगितलं होतं एकदा.”

तो चिंधी पुन्हा पुन्हा त्याच बोटावरून फिरवत राहिला. मग म्हणाला, “मागितलं असतंस तर गाल काय, जबडा काढून दिला असता. चोरलंस कशाला?” आवाज बारीक झाला होता. “मी पण होतो ना त्या दोन्ही वेळी. तुला वाटतं, तू एकटीच होतीस.”

हे तिला खरंच वाटत आलं होतं. आपल्या कानांनी, आपल्या रक्तानं, आपल्या पोटात घडलेलं ते; तो आपला बाहेरच्या बाकावर. तिनं त्याच्या खांद्यावरची काळी ग्रीस बघितली आणि तिला एकदम आठवलं, पहिल्या वेळी त्यानं घराच्या इमारतीत वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत प्रत्येकाला थांबवून गोड बातमी सांगितली होती. आणि नंतर त्या प्रत्येकाला पुन्हा थांबवून, राहिलं नाही म्हणून, त्यानंच सांगितलं होतं. ती बिछान्यात होती. ते दुसरं सांगणं तिनं कधी बघितलंच नव्हतं.

“बरं, मग काय निघालं माझं?” त्यानं नाक ओढलं. “पास की नापास?”

“दोन्ही.”

“दोन्ही म्हणजे?”

“दोन्ही तऱ्हेच्या खुणा आहेत तुझ्यात. बाळानं त्यातली एक घेतली असणार. कुठली ते कळत नाही. निम्मं-निम्मं.”

“निम्मं-निम्मं!” तो म्हणाला. “अगं, एवढं तर मी न तपासता सांगितलं असतं. फुकट.”

ती हसली. मनापासून, नाकातून आवाज येईल अशी. आणि हसता हसता तिला दिसलं, की तो हसत नाहीये. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, जणू तिथून आत्ताच काहीतरी निसटून खाली पडलं होतं आणि ते उचलावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

“बाळानं,” तो म्हणाला. “तू आत्ता ‘बाळानं’ म्हणालीस.”

तेव्हा तिलाही कळलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. त्याच्या घशाशी आलेला आनंद तो कसा आत रेटतोय, काठोकाठ भरलेलं भांडं दोन्ही हातांनी धरून चालावं तसा, हे ती बघत राहिली. इतका सांभाळून, की तिला त्याचाच धक्का लागू नये.

“मला बरं वाटतंय,” तो अगदी हळू म्हणाला. “म्हणजे भीतीही वाटतेय. पण बरं वाटतंय गं. चालेल का?”

“हळू नको,” ती म्हणाली. “मोठ्यानं सांग.”

त्यानं प्रयत्न केला. आवाज फुटेना. हातातल्या काळ्या चिंधीनंच त्यानं डोळे पुसले आणि गालावर ग्रीसचा फराटा उमटला. तेव्हा मग तिनंच कठड्याला धरून, मान वर करून म्हटलं, त्या बंद पडलेल्या लिफ्टच्या विहिरीतून थेट गच्चीपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं, “मला दिवस गेलेत!”

वर कुठल्याशा मजल्यावर पायऱ्या चढणारी पावलं थांबली. मग कठड्यावरून वाकून बघणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचा दमलेला आवाज खाली आला, “अगं, मग अशी ओरडतेस काय? जिन्यातच बसणार आहात का दोघं?”